पन्नास हजारांतला एक तुकडा

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं. बायोप्सीच्या सुईतून त्यातलं जे बाहेर येतं त्याचं वजन भरतं सुमारे ३० मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास हजारांतला एक भाग. दीड-दोन सेंटिमीटर लांब, दीड मिलिमीटरही जाड नाही. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की तळाशी जाऊन बसतो. बाटली लॅबमध्ये पोचवायला दिलेला नातेवाईक ती उजेडाकडे धरून सिस्टरला विचारतो, ‘‘यात आहे ना नक्की?’’

शंका रास्त आहे. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. त्याचा पन्नास हजारावा भाग काढला तर येतात ६७ एकर. उमरखेडपासून झरी-जामणीपर्यंत, बाभुळगावपासून पुसदपर्यंत, सोळा तालुक्यांतल्या कपाशीवर बोंडअळी किती पडली आहे, हे तेवढ्या ६७ एकरांत फिरून सांगायचं, असा हा मामला.

पण पॅथॉलॉजिस्ट ते ६७ एकरही पूर्ण पाहत नाही. तो तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. सव्वा मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचे असे तीनेकशे काप पडू शकतात. प्रत्यक्षात काचेवर चढतात त्यातले थोडेच. दहा पाहिले असं धरू. म्हणजे तुकड्याचाही तिसावा हिस्सा पाहिला. पन्नास हजार गुणिले तीस, झाले पंधरा लाख. यकृताच्या पंधरा लाख भागांपैकी एक भाग डोळ्यांखालून गेला आणि त्यावर रिपोर्ट लिहिला गेला. जिल्ह्याच्या हिशेबात हे झालं सव्वादोन एकर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. त्या मापानं बोलायचं तर दोन माणसंही पुरती भरत नाहीत.

तरीही बायोप्सीनं साठ-सत्तर वर्षं यकृताच्या वैद्यकावर राज्य केलं आणि ते फुकटचं नव्हतं. १८८३ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी यकृतातून सुईनं नमुना काढला तो त्यातली साखर पाहायला. खरी गर्दी सुरू झाली १९५८ नंतर. त्या वर्षी इटलीतल्या मेंघिनी या डॉक्टरांनी असं तंत्र आणलं की सुई यकृतात राहते एक सेकंद. आजही साधारण तेच चालतं. उताणं झोपवायचं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावायचा, सोनोग्राफीवर जागा बघून दोन बरगड्यांच्या मध्ये भूल द्यायची, ‘श्वास सोडा आणि थांबा’ म्हणायचं. सुईच्या बंदुकीचा टक् असा आवाज येतो. रुग्ण विचारतो, ‘‘सुरू कधी करणार?’’ आणि काम झालेलं असतं. पुढचे चार-सहा तास मात्र पडून राहायचं. नाडी आणि रक्तदाब सारखा बघत राहतात.

एवढ्याशा तुकड्यावरून निदान जमतं कसं? यकृताची बांधणी जवळपास एकसारखी असते म्हणून. त्यात सुमारे दहा लाख बारीक खंडिका असतात, सगळ्यांचा आराखडा एकच. हेपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात घर करून बसत नाही, सगळीकडे पसरतो. त्यामुळे नमुना बरा मिळाला तर अंदाज बरा लागतो. बरा म्हणजे किती? निदान ११ पोर्टल ट्रॅक्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र जातात अशा ११ जागा, कापात दिसाव्यात असा दंडक आहे. दहा लाख खंडिकांच्या अवयवात अकरा जागा!

आणि अंदाज चुकतोही. अमेरिकेत २००२ मध्ये १२४ हेपॅटायटिस सी रुग्णांच्या यकृताच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंचे नमुने एकाच वेळी घेतले. दर तीन रुग्णांमागे एकाच्या बाबतीत दोन बाजूंनी आजाराची पायरी वेगवेगळी सांगितली. १८ जणांच्या बाबतीत तर एक बाजू म्हणाली सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी टणक होण्याची शेवटची पायरी, आला आहे, दुसरी म्हणाली अजून नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये हिशेब निघाला की नमुना १५ मिलिमीटर लांब असेल तर पायरी बरोबर ठरण्याचं प्रमाण ६५ टक्के, २५ मिलिमीटर असेल तर ७५. ज्या तपासणीला सोन्याचा निकष मानत होते, तिचं हे प्रगतिपुस्तक.

आता समोरच्या बाजूचे आकडे. हेपॅटायटिस सी चा एक विषाणू सुमारे ५० ते ६० नॅनोमीटरचा. त्याची सगळी जनुकीय पोथी जेमतेम ९,६०० अक्षरांची. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण तासातासाला मोजून गणित मांडलं. एका माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि रक्तातल्या विषाणूंपैकी निम्मे पावणेतीन तासांत संपतात. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. एका दिवसाचं हे उत्पादन एकाला एक लावून रांगेत उभं केलं तर ती ५५ किलोमीटर लांब होईल; यवतमाळहून निघालेली रांग आर्णी मागे टाकून पुढे जाईल. वजन विचाराल तर मिलिग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा.

त्यात नक्कल करताना हा विषाणू भरमसाट चुका करतो. ९,६०० अक्षरांत एकेका अक्षराचा जो काही फेरफार शक्य आहे, तो प्रत्येक फेरफार अशा माणसाच्या शरीरात रोज अनेकदा घडून जातो. आपलं शरीर एका रूपाशी लढायला शिकेपर्यंत दुसरं रूप तयार असतं. म्हणूनच या आजारावर अजून लस नाही आणि म्हणूनच औषधंही एकटी न देता जोडीनं देतात.

एवढी उलाढाल चालू असताना माणसाला काय जाणवतं? बहुतेकांना काहीच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, त्यामुळे कावीळ उतरवणाऱ्याकडेही कोणी जात नाही. फ्रान्समध्ये १९९७ मध्ये २,२३५ रुग्णांचा अभ्यास झाला. संसर्गापासून सिरॉसिसपर्यंतचा मधला आकडा निघाला ३० वर्षं. पण हा आकडा फसवा आहे. चाळिशीनंतर लागण झालेल्या पुरुषांत तो १३ वर्षांवर येतो. कमी वयात लागण झालेल्या आणि दारू न पिणाऱ्या बायकांत ४२ वर्षांवर जातो. साधारण तिसरा हिस्सा असा की पन्नास वर्षांतही सिरॉसिसपर्यंत पोचणार नाही. आपण कुठल्या गटातले, हा प्रश्न तिथून सुरू होतो. बायोप्सी या प्रश्नासाठीच होती.

आपल्याकडे हा विषाणू पसरला तो मुख्यतः सुईनं आणि रक्तानं. तो सापडला १९८९ मध्ये, ज्या वर्षी यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शोधणाऱ्यांना नोबेल मिळालं २०२० मध्ये. आपल्या रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवीसाठी ही चाचणी सक्तीची झाली ती नव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी बाळंतपणात, अपघातात, सिकलसेलच्या आजारात ज्यांना रक्त चढलं, त्यांच्या पिशवीत काय होतं हे कोणी पाहिलेलं नव्हतं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण थोडेथोडके नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

आणि सुई. २००४ मध्ये संपलेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष होता की भारतात वर्षाला ३०० कोटी इंजेक्शनं टोचली जातात, माणशी जवळपास तीन, आणि त्यातली ६२.९ टक्के असुरक्षित. २००१ मध्ये यवतमाळची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या वर होती. देशाची सरासरी लावली तर जिल्ह्यात वर्षाला ७१ लाख इंजेक्शनं आणि त्यातली ४५ लाख धोक्याची. ही नुसती गुणाकाराची गोष्ट आहे, मोजणी नव्हे. पण ताप आला की ‘सुई द्या डॉक्टर’ आणि थकवा आला की ‘एक सलाईन लावा’ म्हणणारं गाव ज्यानं पाहिलं आहे, त्याला हा गुणाकार अवघड वाटणार नाही. वापरलेल्या सिरिंजच्या तळाशी राहिलेल्या थेंबात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. बोगस डॉक्टरच्या डब्यातल्या सिरिंजला एवढी सवड पुष्कळ झाली.

देशपातळीवरच्या तपासणीत हेपॅटायटिस सी ची प्रतिद्रव्यं ०.३२ टक्के लोकांत आढळली. आकडा किती किरकोळ दिसतो! तोच यवतमाळच्या २०११ च्या लोकसंख्येला लावा, सुमारे ८,९०० माणसं होतात. यातल्या तीसेक टक्क्यांचं शरीर विषाणूला आपोआप हुसकावतं. उरले सहा हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२२ मध्ये भारतात ५५ लाख आणि जगात ५ कोटी माणसं हा विषाणू घेऊन जगत होती.

या सगळ्यांची बायोप्सी करायची म्हटली तर? यवतमाळच्या सहा हजारांसाठी रोज दोन, वर्षाचे तीनशे दिवस, न चुकता केल्या तर दहा वर्षं लागतील. देशाच्या ५५ लाखांसाठी एखाद्या मोठ्या रुग्णालयानं रोज दहा केल्या तर लागतील १,८३३ वर्षं. सातवाहनांच्या काळात पैठणला सुरुवात केली असती तर आत्ता कुठे शेवटच्या नंबरला आलो असतो. इटलीत ६८,२७६ बायोप्सींचा आढावा १९८६ मध्ये निघाला होता. मृत्यूचं प्रमाण आलं लाखात नऊ. एका माणसाच्या दृष्टीनं हा धोका फार लहान आहे, घाबरण्यासारखा नाही. पण ५५ लाखांना लावला तर जवळपास पाचशे माणसं नुसत्या तपासणीपायी जातील. दुखणं तर शंभरातल्या ऐंशींच्या वर लोकांना थोडंफार होतंच, बहुतेकदा उजव्या बरगड्यांखाली किंवा उजव्या खांद्यात. गुंतागुंत झालीच तर तिच्यातली साठ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांत कळून येते. म्हणून तर ते सक्तीचं पडून राहणं.

मग इतकी वर्षं डॉक्टर बायोप्सी का सांगत होते? कारण तेव्हाचं औषध आजारापेक्षा जास्त जाच देणारं होतं. इंटरफेरॉनची आठवड्याची सुई, सोबत रिबाविरिनच्या गोळ्या, २४ आठवडे किंवा ४८. ताप, अंगदुखी, केस गळणं, उतरलेलं हिमोग्लोबिन, मन पार खचणं. आणि एवढं सोसून विषाणूच्या एक नंबरच्या जनुकीय प्रकारात निम्म्यांनाच गुण. आपल्याकडे जास्त सापडणाऱ्या तीन नंबरच्या प्रकारात निकाल बरे होते, पण सोसणं तेच. खर्च लाखांत. अशा वेळी तुकडा काढून पाहायचा आणि यकृत अजून मऊ असेल तर रुग्णाला सांगायचं, थांबा, पुढे चांगलं औषध येईल. हा सल्ला चुकीचा नव्हता. ‘थांबा’ हेही त्या काळी एक औषधच होतं आणि ते लिहून द्यायला बायोप्सीचा आधार लागत होता.

चांगलं औषध आलं डिसेंबर २०१३ मध्ये. सोफोसबुविर. अमेरिकेत एका गोळीची किंमत १,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साठ हजार रुपये. ८४ दिवसांच्या ८४ गोळ्या, ८४,००० डॉलर, पन्नास लाख रुपये. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीनं भारतातल्या औषध कंपन्यांना परवाना दिला आणि मार्च २०१५ मध्ये नॅटको या कंपनीची २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपये छापील किमतीला आली. त्यानंतर कंपन्यांची चढाओढ लागली. आज जागतिक बाजारात सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या जोडीचा पूर्ण कोर्स ६० डॉलरच्या आसपास मिळतो. एकट्या औषधाचे ८४,००० डॉलर कुठे आणि जोडीचे ६० कुठे. चौदाशे पटींचा फरक. औषधांच्या इतिहासात अशी घसरगुंडी फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. गुण येण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून सरकारी केंद्रांत हा कोर्स फुकट आहे.

इथे बायोप्सीचं गणितच पालटलं. औषध सोपं, स्वस्त आणि सगळ्यांनाच द्यायचं म्हटल्यावर ‘द्यायचं की नाही’ हा प्रश्नच उरला नाही. उरला एवढाच प्रश्न की सिरॉसिस आहे का, कारण त्यावर औषधाची जोडी आणि कधीकधी मुदत बदलते. आणि त्याला सुई लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.

समजा, दारव्हा तालुक्यातला ४६ वर्षांचा एक शेतकरी आहे. लॅबच्या कागदावर त्याचं एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स ९० हजार. वयाला एसजीओटीनं गुणा: २,७६०. एसजीपीटीचं वर्गमूळ काढा: ८. त्याला प्लेटलेट्सच्या हजारांनी, म्हणजे ९० नं गुणा: ७२०. आता २,७६० ला ७२० नं भागा. उत्तर ३.८३. या आकड्याला फिब-४ म्हणतात. ३.२५ च्या वर गेला की डॉक्टर सिरॉसिस धरून चालतात. त्याच माणसाच्या प्लेटलेट्स दीड लाख असत्या तर उत्तर आलं असतं २.३, अधलंमधलं. आणि १.४५ च्या खाली आलं असतं तर यकृत फारसं जून झालेलं नाही असं मानायला हरकत नव्हती. फ्रान्समध्ये हेपॅटायटिस सी च्या ८४७ बायोप्सींवर ही पद्धत ताडून पाहिली. सुमारे ७३ टक्के रुग्ण या दोन टोकांत बसले. खालच्या टोकात ‘गंभीर आजार नाही’ हे उत्तर ९५ टक्के वेळा बरोबर निघालं. दोनशे-तीनशे रुपयांच्या रक्ततपासण्या आणि सातवीतलं गणित!

मधल्या पट्ट्यातल्यांसाठी फायब्रोस्कॅन आहे. २००३ च्या सुमारास आलेलं हे यंत्र बरगड्यांमधून हलका ठोका देतं आणि तो यकृतातून किती वेगानं जातो ते मोजतं. यकृत जितकं टणक तितका वेग जास्त. दहा मापं, दहा मिनिटं, जखम नाही. एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब एवढा भाग त्यात तपासला जातो, यकृताचा साधारण पाचशेवा हिस्सा, बायोप्सीच्या शंभर पट. जिल्ह्याच्या भाषेत ६७ एकरांऐवजी ६,७०० एकर. आकडा १२.५ किलोपास्कलच्या वर गेला तर सिरॉसिसचा संशय पक्का होतो. जेवून लगेच केलं किंवा यकृताला ताजी सूज असली तर तो खोटा वाढतो, म्हणून तीन तास उपाशीपोटी जायचं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. नुसता हेपॅटायटिस सी असेल आणि कोणी ‘आधी बायोप्सी, मग औषध’ म्हणत असेल, तर नम्रपणे कारण विचारावं. कारण असूही शकतं. दारूचा जुना इतिहास, मधुमेहासोबतचं चरबीचं यकृत, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर धरलेला दावा, रक्त एक सांगतंय आणि फायब्रोस्कॅन दुसरंच, सोनोग्राफीत दिसलेली गाठ. अशा ठिकाणी तो ३० मिलिग्रॅमचा तुकडा जे सांगतो ते कुठलाही सूत्रांचा खेळ सांगू शकत नाही. आकडे टणकपणा सांगतात, टणकपणा कशानं आला हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. तिथे भीतीपोटी नाही म्हणणं हाही अडाणीपणाच. फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात आणि त्या रात्री घर रुग्णालयापासून लांब असू नये. मारेगावच्या एखाद्या पोडावर, म्हणजे आडबाजूच्या वस्तीवर, परतण्यापेक्षा एक रात्र रुग्णालयाच्या गावातच मुक्काम केलेला बरा.

ज्यांना २००२ च्या आधी रक्त चढलं आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्यांनी जत्रेत एकाच सुईनं गोंदवून घेतलं आहे किंवा गावठी सुया भरपूर घेतल्या आहेत, त्यांनी सरकारी रुग्णालयात एकदा हेपॅटायटिस सी ची तपासणी मागून घ्यावी. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नये. पुढची विषाणूची तपासणी, आरएनए, करून घ्यावी. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए करावी. त्यात विषाणू दिसला नाही तर आजार गेला. प्रतिद्रव्यांची पहिली साधी चाचणी मात्र बरं झाल्यावरही जन्मभर पॉझिटिव्हच येते, ती पुन्हा करून पैसे आणि झोप घालवू नये. आणि फिब-४ किंवा फायब्रोस्कॅननं सिरॉसिस सांगितला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.